मुलांच्या शीलाचे मोजमाप

मुलाची उंची पट्टीने मोजता येते, वजन काट्यावर कळते. मग त्याचा प्रामाणिकपणाही असाच मोजता येईल काय? ह्यू हार्टशॉर्न व मार्क मे या दोघा अमेरिकन संशोधकांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात १९२४ पासून पाच वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांच्या तीन ग्रंथांपैकी पहिला, 'स्टडीज इन डिसीट', १९२८ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथ जुना झाला असला, तरी मुलांच्या स्वभावावर शिक्के मारण्याची हौस जुनी झालेली नाही. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ग्रंथकर्त्यांचा मार्ग सरळ प्रश्न विचारण्याचा नव्हता. त्यांनी प्रसंग रचले. मुलांच्या उत्तरपत्रिका गोळा करून, त्यांच्या नकळत त्यांची नोंद ठेविली. नंतर त्या परत देऊन, बरोबर उत्तरांची यादी समोर ठेवून, ज्याचे गुण त्यानेच मांडावे असे सांगितले. डोळे मिटून कागदावरील लहान वर्तुळांत खुणा करावयास लाविल्या. ज्याच्या खुणा फारच नेमक्या पडल्या, त्याने डोळे किलकिले केले हे उघड. कोड्याच्या पेटीत नाणे ठेविले आणि ते परत येते की नाही हे पाहिले. घरचा अभ्यास, शक्तीच्या शर्यती, मेजवानीतील खेळ, सर्वत्र अशीच योजना होती. ८ ते १६ वर्षांच्या सुमारे ११,००० मुलामुलींची अशी पारख झाली.

निष्कर्ष असा निघाला की, परीक्षेत लबाडी करणारा मुलगा नाणे लांबवीलच असे नाही, आणि खेळात खोटे सांगणारा वर्गात खोटे वागेलच असे नाही. संबंध मुळीच नसेल तर शून्य आणि पूर्ण असेल तर एक, असे माप धरल्यास निरनिराळ्या कसोट्यांचा परस्परसंबंध सरासरीने ०.२३ च्या आसपास भरला. सर्वत्र सचोटीने वागणारी व सर्वत्र फसविणारी, अशी दोन्ही प्रकारची मुले थोडी, बहुतेक मधलीच. रविवारच्या धर्मशाळांत जाणाऱ्या किंवा शीलसंवर्धनाच्या मंडळांत नाव असलेल्या मुलांच्या वर्तनातही म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ज्या कार्यास धार्मिक शिक्षणाच्या कैवाऱ्यांनी द्रव्यसाहाय्य दिले, त्यातून निघालेला हा निकाल ग्रंथकर्त्यांनी लपविला नाही. हा या ग्रंथाचा मोठा गुण होय.

परंतु यावरून त्यांनी जो सिद्धांत काढिला, की प्रामाणिकपणा हा एकसंध गुण नसून प्रसंगाप्रसंगाच्या निरनिराळ्या सवयींचा समूह आहे, तो आम्हांस जसाच्या तसा मान्य नाही. एका दिवसाच्या एका कसोटीत भीती, थकवा, शेजारच्या मुलाची चिथावणी अशा कितीतरी गोष्टी मिसळलेल्या असतात. अनेक कसोट्या एकत्र केल्या म्हणजे हा गाळ खाली बसतो आणि माप अधिक स्थिर होते. रॉजर बर्टन यांनी १९६३ साली याच आकड्यांची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांस त्यांत एक समाईक धागा आढळला. धागा बारीक, पण आहे. तेव्हा शील मुळीच नाही असे म्हणणेही चूक, आणि एका नाण्यावरून ते कळते असे म्हणणे त्याहून चूक.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लबाडी शोधण्यासाठी ग्रंथकर्त्यांनी स्वतः लबाडी केली. 'तुमच्यावर विश्वास आहे' अशा आविर्भावाने कागद परत करावयाचा आणि त्याची गुप्त नोंद कपाटात ठेवावयाची, हे शास्त्रास कितीही सोयीचे असले तरी मुलांशी सरळ वागणे नव्हे. आणि याच ग्रंथात असेही नमूद आहे की, जेथे शिक्षक व विद्यार्थी यांचे नाते मोकळे व सहकार्याचे होते, तेथे फसवणूक कमी आढळली. म्हणजे माप मुलाचे घेतले, असे ज्यास वाटते, त्याने पुष्कळ अंशी त्या वर्गाचे व गुरुजींचेच माप घेतलेले असते.

हा विषय दूरदेशीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि मुलांविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिण्याचे काम शिक्षकांकडे आले. केवळ गुणांपेक्षा ही रीत निःसंशय चांगली; पण 'अप्रामाणिक', 'हट्टी', 'लाजाळू' असा एक शब्द लिहून टाकणे हे नोंद करणे नव्हे. अमुक दिवशी, अमुक प्रसंगी मूल असे वागले, एवढेच लिहावे; पुढच्या महिन्यात निराळे वागले तर तेही लिहावे. शिक्का एकदा बसला की पुढच्या इयत्तेचे गुरुजी मुलाच्या आधी शिक्का पाहतात, आणि मूलही हळूहळू त्यासारखे होऊ लागते. आपल्या मुलाविषयीचा असा एकच शब्द समोर आला, तर हा कोणत्या प्रसंगावरून ठरला, हे आईबापांनी शाळेस अवश्य विचारावे. तसे विचारण्याचा अधिकार हा ग्रंथ त्यांस देतो, आणि त्याच्या सर्व दोषांसह तो आज वाचनीय ठरतो तो याचसाठी.