हौतात्म्याच्या छायेतील सारो-विवा

लेखकाला फाशी झाली की त्याच्या ग्रंथांकडे साक्षीपुरावा म्हणून पाहण्याची सवय वाचकाला जडते. नायजेरियाच्या केन सारो-विवाच्या वाट्याला हेच आले. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील ओगोनी लोकांच्या भूमीत १९५८ साली खनिज तेल सापडले आणि पुढील दशकांत तेलगळतीने तेथील शेते व खाड्या नासल्या. शेल कंपनी व सरकार यांच्याविरुद्ध १९९० पासून उभ्या राहिलेल्या चळवळीचा तो अग्रणी होता. १९९४ मध्ये चार ओगोनी पुढाऱ्यांची हत्या झाली; तिचे खापर त्याच्यावर फुटले, आणि लष्करी राजवटीने नेमलेल्या न्यायाधिकरणाच्या निकालावरून १० नोव्हेंबर १९९५ रोजी आठ जणांसह त्याला फासावर चढविण्यात आले. २०२५ साली या नऊ जणांना राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. माफी हा शब्द गुन्हा गृहीत धरतो, हे सारो-विवाच्या नजरेतून खचित सुटले नसते.

शब्दांविषयीची ही जागरूकता 'सोझाबॉय' (१९८५) या कादंबरीत सर्वाधिक फलद्रूप झाली आहे. तिच्या भाषेला लेखकाने उपशीर्षकातच 'सडके इंग्रजी' म्हटले आहे. मेने हा खेड्यातील पोर गणवेषाच्या मोहाने शिपाई होतो. युद्ध कोणाशी व कशासाठी, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. वरिष्ठांचे भारदस्त शब्द कानांवर आदळतात, अर्थ मात्र लागत नाही. मॅनमसवाक नावाचा इसम दोन्ही सैन्यांत सारख्याच सहजतेने वावरतो. 'माणसाला खायला हवे' हा त्याच्या नावाचाच अर्थ. युद्धावर याहून कडवट भाष्य क्वचितच आढळेल. मेने परततो तेव्हा आई व बायको मेलेल्या असतात, आणि गाव त्यालाच भूत समजते.

'अ मंथ अँड अ डे' ही १९९३ च्या कैदेची रोजनिशी यापुढे विस्कळीत वाटते. भाषणे व जाहीरनामे तीत जसेच्या तसे घातल्याने कथनाचा ओघ खुंटतो. कलादृष्ट्या हा दोष खराच. तथापि मेनेला ज्यांनी चकविले, तेच भारदस्त शब्द येथे लेखक आपल्या माणसांसाठी हस्तगत करू पाहतो : हक्क, स्वायत्तता, नुकसानभरपाई. नीट मांडलेले गाऱ्हाणे ऐकले जाईल, अशी श्रद्धा या गद्यामागे आहे. कादंबरीत ती कोठेच नव्हती. मेनेच्या निर्मात्याने ती धरावी, हा विरोध टीकाकारांनी फारसा तपासलेला दिसत नाही. चळवळीच्या इतिहासातच ते रमतात. वस्तुतः रोजनिशीतील पोलिसांच्या चित्रणात जुना विनोदकार मधूनमधून डोकावतो, आणि तेवढ्या परिच्छेदांत ती श्रद्धा डळमळताना स्पष्ट दिसते.