गांजाचे तेल आणि वर्गातले डोळे मिचकावणे

गांजातील रसायनांनी ‘टिक’ थांबतात, असे सोलापुरात आमच्या कानावर येते, तेव्हा आम्हाला २०२३ मधला ऑस्ट्रेलियातला प्रयोग आठवतो. वारंवार डोळे मिचकावणे, खांदा उडवणे, घशातून आवाज काढणे या न आवरणाऱ्या हालचाली म्हणजे टिक. टुरेट विकाराच्या २२ रुग्णांना सहा आठवडे टीएचसी व सीबीडी समप्रमाणात असलेले तेल आणि सहा आठवडे तसेच दिसणारे, पण औषध नसलेले तेल दिले. ५० गुणांच्या मापनात टिक सरासरी ८.९ गुणांनी उतरले. नुसत्या तेलाने २.५.

आकडा चांगला आहे. पण आपण कोणते तेल घेतो हे रुग्णाला कळू नये, ही अशा चाचणीची पहिली अट. टीएचसी तर नशा आणणारे द्रव्य! ज्याचे डोके जड होते, त्याला हे ओळखायला कितीसा वेळ लागणार? आणि टिक ताणाने, अपेक्षेने, कुणी बघते आहे एवढ्यानेही कमीजास्त होतात.

त्याच वर्षी जर्मनीतील ९७ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तोंडात फवारायचे गांजाचे औषध घेतलेल्या ६४ पैकी १४ जणांना ठरवल्याप्रमाणे निदान २५ टक्के उतार पडला. खोट्या फवाऱ्याने ३३ पैकी ३ जणांना. २२ टक्के आणि ९ टक्के! फळ्यावर लिहिले तर फरक दुपटीहून मोठा. पण एवढ्या थोड्या माणसांत तो योगायोगानेही पडू शकतो, म्हणून मुख्य उद्दिष्ट साधले नाही असेच संशोधकांनी नोंदवले. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

दोन्ही चाचण्या प्रौढांच्या. टिक मात्र बहुधा पाच-सात वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा-बाराव्या वर्षी जोर धरतात आणि पुढे पुष्कळांचे आपसूक ओसरतात. म्हणून ‘मुलाला थोडी भांग देऊन बघा’ हा सल्ला आम्हाला घातक वाटतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील गांजाच्या व्याख्येत नुसती पाने येत नाहीत, हे खरे. पण कायद्याने वगळलेले पान म्हणजे मोजलेली मात्रा नव्हे. भांगेच्या गोळीत टीएचसी किती, हे ती वाटणाराही सांगू शकत नाही.

मुलांवर तपासलेला उपाय वेगळाच आहे. टिक येण्याआधी जाणवणारी हुरहुर ओळखायची आणि टिकला आड येणारी दुसरी हालचाल करायची. २०१० मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर याची चाचणी झाली. हे शिकलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के मुले सुधारली, नुसते समजावून धीर दिलेल्यांपैकी १९ टक्के. दहा आठवड्यांत आठ बैठका, एवढाच त्याचा खटाटोप; पण त्यात नशेचे नाव नाही, म्हणून गप्पांतही तो येत नाही.