आवश्यक, पण कोणाला? युद्धकाळातले नियम आणि वऱ्हाडचा कापूस

माझ्या पीएचडीचा विषय ‘युद्धकाळातली सरकारी खरेदी आणि आयात-नियंत्रण’ असा आहे, हे अकोल्यात कोणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लढाई झाली युरोपात, ब्रह्मदेशात, त्यात आपल्या वऱ्हाडाचं काय? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की लढाई संपली पण तिचे नियम आपल्या जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये आणि बाजार समितीत अजून नांदतायत. आणि ते अर्धेच नांदतायत. आजची पोस्ट या ‘अर्धे’ शब्दाबद्दल आहे.

आधी वंशावळ, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल.

1939 साली भारत संरक्षण कायदा आला. त्याखालच्या नियमांतल्या 81 व्या नियमाने सरकारला समाजजीवनाला आवश्यक अशा कोणत्याही मालाचं उत्पादन, साठा, वाहतूक आणि किंमत यांवर हुकूम काढायचा अधिकार दिला. याच कायद्याच्या आधाराने मे 1940 मध्ये आयात परवाने सुरू झाले. कायदा 30 सप्टेंबर 1946 ला संपला. अधिकार मात्र संपले नाहीत. किंमत आणि साठ्याचे अधिकार 1946 च्या आवश्यक पुरवठा (तात्पुरते अधिकार) कायद्यात गेले. आयातीचे अधिकार 1947 च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यात गेले. पहिल्याच्या नावातच ‘तात्पुरते’ होतं. दुसरा तीन वर्षांपुरता केला होता. पहिल्याच्या जागी 1955 चा आवश्यक वस्तू कायदा आला, जो आजही लागू आहे. दुसरा 1992 पर्यंत चालला आणि मग त्याची जागा विदेश व्यापार कायद्याने घेतली. मधे 1954 मध्ये तिसरी घटनादुरुस्ती झाली आणि समवर्ती सूचीत ज्या मोजक्या मालांची नावं घातली गेली, त्यात कच्चा कापूस आहे. म्हणजे आपला कापूस थेट संविधानात नाव घेऊन बसलाय.

हे अधिकार किती खोल गेले होते, ते हरिशंकर बागला खटल्यात दिसतं. नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबईहून कानपूरला निघालेल्या एका जोडप्याला इटारसी स्टेशनवर पकडलं. गुन्हा काय, तर परवान्याशिवाय सहा मणांहून जास्त नवं सुती कापड नेणं. इटारसी तेव्हा आपल्याच प्रांतात होतं, मध्यप्रांत-वऱ्हाडात. इतर कायद्यांशी विसंगत असला तरी नियंत्रणाचा हुकूमच चालेल, असं सांगणारं कलम नागपूरच्या उच्च न्यायालयाने अवैध ठरवलं. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. तसंच कलम 1955 च्या कायद्यातही आलं.

आता टीकेकडे येतो. या इतिहासाचं एक वाचन आपल्याकडे चांगलंच परिचित आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने आणि पुढे अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने आवश्यक वस्तू कायदा शेतकरीविरोधी ठरवला. भाव चढला की सरकार साठ्यावर मर्यादा घालतं, निर्यात अडवतं, आयात खुली करतं. भाव पडला की कोणी विचारत नाही. हे निरीक्षण बरोबर आहे. 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले, तेव्हा कारण महागाईचंच होतं. जून 2023 मध्ये तुरीच्या साठ्यावर मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्याला 200 टन. सप्टेंबरमध्ये तीच 50 टनांवर आणली. अकोल्याच्या दालमिलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण या वाचनात एक मोठी फट आहे. त्यातून असं वाटतं, की युद्धकाळातलं नियंत्रण म्हणजे फक्त वरून दाबलेला भाव. त्या काळचे हुकूम प्रत्यक्ष वाचले तर चित्र वेगळं निघतं.

वऱ्हाडचा कापूस तेव्हा आखूड धाग्याचा. मुंबईच्या बाजारात त्याला ‘ऊमरा’ म्हणत; हे नाव उमरावती, म्हणजे अमरावतीवरूनच पडलेलं. आखूड धाग्याच्या हिंदी कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं जपान. जुलै 1941 मध्ये जपानची मालमत्ता गोठवली गेली, डिसेंबरमध्ये युद्धच पेटलं आणि हे गिऱ्हाईक रातोरात गेलं. बारीक सूत काढणाऱ्या गिरण्यांना हा कापूस नको होता. त्या लांब धाग्याचा कापूस बाहेरून आणत. मग जानेवारी 1942 मध्ये सरकारने वटहुकूम काढून आयात कापसावर दर रतली एक आण्याचा जादा कर लावला. आधीचा करही एक आणाच होता, म्हणजे कर थेट दुप्पट झाला. या जादा कराचा पैसा एका निधीत टाकून तो आखूड धाग्याचा कापूस पिकवणाऱ्यांना मदत म्हणून वापरायचा, असं ठरलं.

इथे जरा थांबा. ऐन युद्धात, आयात मालाची टंचाई असताना, एका परक्या सरकारने आयात महाग केली आणि तो पैसा उत्पादकाच्या नावाने बाजूला ठेवला. पुढे 1943 मध्ये कापसाचे वायदे बंद केले, गिरणीच्या कापडावर कमाल किंमत छापणं सक्तीचं केलं. पण कच्च्या कापसाला वरची मर्यादा घालताना खालचीही घातली. हे सरकार काही शेतकऱ्यांचं कैवारी नव्हतं. कापड नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष कृष्णराज ठाकरसी होते, स्वतः गिरणीमालक. शेतकऱ्याला तिथे फारसा आवाज नव्हता. तरीही हिशेबाच्या दोन बाजू असतात, एवढं त्या हुकुमांना मान्य होतं.

शांततेच्या काळात यातली एकच बाजू कायदा म्हणून उतरली. साठ्याची मर्यादा मोडली तर आजही तुरुंगवास होऊ शकतो. हमीभावाला मात्र कायद्याचा आधार नाही. तो दरवर्षी जाहीर होतो, आणि सरकार खरेदीला उतरलं तरच मिळतो. 1942 चा निधी तर आठवणीतूनही गेला.

म्हणून ‘नियंत्रण उठवा’ एवढी मागणी मला अपुरी वाटते. जानेवारी 1948 मध्ये कापडावरचं नियंत्रण उठवून पाहिलं होतं. भाव असे उसळले, की त्याच वर्षी ते परत आणावं लागलं. सरकारचं ‘सामान्य ग्राहकासाठी आवश्यक’ हे उत्तरही तितकंच अपुरं आहे. आवश्यक कोणाला, हे त्यात कधी उलगडून सांगितलेलंच नसतं.

ताजं उदाहरण घ्या. कापसावर 2021 पासून एकूण 11 टक्के आयात शुल्क आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के कर लावला. तोफा नव्हत्या, पण भाषा युद्धाचीच होती. आपल्या सरकारने 19 ऑगस्टपासून कापसाचं आयात शुल्क माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त हवा होता, आणि त्याची अडचण खोटी नव्हती. पण तारखा बघा. वऱ्हाडात कापूस जूनमध्ये पेरतात आणि दसरा-दिवाळीनंतर तो बाजारात येतो. शेतकऱ्याने पेरलं 11 टक्के शुल्काच्या भरवशावर, विकलं शून्य शुल्काच्या बाजारात. मधला निर्णय एका अधिसूचनेने झाला, ‘जनहितार्थ’. माफ झालेल्या शुल्कात कृषी पायाभूत सुविधा उपकरही होता. शेतीच्या नावाचा कर शेतमालाच्या आयातीसाठी सोडून दिला, हे कोणाला खटकलं नाही काय?

त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये आणि लांब धाग्याचा 8,110 होता आणि सीसीआय खरेदीत होती, हे मान्य. पण तिथे नोंदणी हवी, ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. आयातदाराला सवलत अधिसूचना निघाली की लागू होते. शेतकऱ्याला संरक्षण अटी पूर्ण केल्या की.

1942 कडे परत जा, असं मी म्हणत नाही. पण दोन गोष्टी आजच्या चौकटीतही बसतात. एक, आयात शुल्काचा निर्णय पेरणीआधी, मे महिन्यात जाहीर व्हावा आणि हंगामभर बदलू नये. दोन, हंगामात तो बदलावाच लागला, तर त्याच अधिसूचनेत उत्पादकाच्या भरपाईची तरतूद असावी. उद्योगाची निकड खरी असेल, तर तिची किंमत कोण देणार हेही त्याच कागदावर लिहिता येईल.

पुढच्या पोस्टमध्ये 1940 च्या आयात परवान्यांकडे वळतो: परवाना कोणाला मिळत होता आणि छोट्या गावच्या व्यापाऱ्याला तो का मिळत नव्हता. तोवर तुमच्या घरी जुन्या अडतीच्या किंवा जिनिंगच्या वह्या असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा मला कळवा.