‘स्टेटस’च्या सहा ओळी

सर्व्हर सुरू होताना आपलं काम उभं करणारी स्टार्टअप स्क्रिप्ट कुणी आवडीने वाचत बसत नाही. मी बसतो. त्यातही स्टार्ट, स्टॉप हे भाग भराभर ओलांडतो आणि ‘स्टेटस’पाशी रेंगाळतो. लिहिणाऱ्याचा कस तिथे लागतो.

सर्व्हर हवे तसे ठेवणाऱ्या पपेट या साधनाला आपण फक्त सांगतो, ही सर्व्हिस चालू हवी. मग ते सहसा दर ३० मिनिटांनी येऊन स्क्रिप्टला विचारतं, ‘काय गं, चालू आहे ना?’ उत्तरादाखल पडद्यावर काय उमटलं ते पाहत नाही; शेवटी हाती आलेला आकडा तेवढा बघतं. ० म्हणजे चालू. एका नोकरीत आमची स्क्रिप्ट ‘सर्व्हिस बंद आहे’ असं स्वच्छ छापायची आणि ० परत करायची. ते ० कुणी लिहिलंही नव्हतं. शेवटची आज्ञा ते वाक्य छापणाऱ्या एकोची, एको बिनचूक पार पडला, म्हणून स्क्रिप्टही यशस्वी ठरली. रात्रभर सर्व्हिस बंद आणि पपेट निश्चिंत.

ती स्क्रिप्ट दुरुस्त केली एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, सहा ओळींत. आधी प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी पीआयडी फाइल आहे का बघायचं; नसेल तर ३, म्हणजे नुसतं बंद. असेल तर तिच्यातला आकडा घेऊन ‘किल’ला उणे शून्य द्यायचं. नाव किल, पण शून्य दिलं की ते कुणालाही मारत नाही, त्या आकड्याची प्रोसेस आहे का एवढं चाचपतं. मला हा नाडी बघणारा हात फार आवडतो. पण तो आकडा दुसऱ्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो, म्हणून पुढच्या ओळीत, चालू प्रोसेसची माहिती मिळते त्या प्रॉकमध्ये डोकावून ती आपलीच आहे ना, याची खातरजमा. नसेल तर १: प्रोसेस गेली, फाइल मागे राहिली. लिनक्स स्टँडर्ड बेसने ‘बंद’च्या अशा छटा ठरवून दिल्या आहेत. पपेटला १ काय नि ३ काय, दोन्ही बंदच; फरक कळतो तो मध्यरात्री कारण शोधणाऱ्या माणसाला.

आता सर्व्हिस सुरू करणारं सिस्टमडी प्रोसेसवर स्वतःच नजर ठेवतं, त्यामुळे असं लिहायची वेळ क्वचित येते. तरी ती स्क्रिप्ट मी जपून ठेवली आहे. तिच्यात मागे उरलेली फाइल सापडूनही स्टेटस तिला हात लावत नाही. विचारणाऱ्याने फक्त विचारावं, हे लिहिणाऱ्याने पाळलंय. ती फाइल पुसायची आज्ञा स्टार्टच्या पहिल्या ओळीत आहे.