पाय चालवणारे कुठून येणार?

जपानच्या बुन्राकु या बाहुलीनाट्यात प्रेक्षकाची नजर आधी मुख्य चालकावर, म्हणजे ओमोझुकाईवर जाते. बाहुलीचं डोकं आणि उजवा हात त्याच्याकडे. अनेक प्रवेशांत चेहराही त्याचा एकट्याचाच उघडा. डावा हात सांभाळणारा हिदारीझुकाई आणि पाय सांभाळणारा आशिझुकाई काळ्या बुरख्यात असतात. या कलेची आजची अवस्था जोखायची, तर मला ती या बुरख्यातल्या माणसांवरूनच जोखावीशी वाटते.

एका बाहुलीला तीन चालक ही पद्धत ओसाकात 1734 पासूनची. आशिझुकाई सगळा वेळ वाकून काम करतो. त्याला जागा मिळावी म्हणून मुख्य चालक उंच लाकडी पादत्राणं घालतो. स्त्री-बाहुल्यांना बहुधा पाय नसतातच. किमोनोचा काठ आतून धरून, मुठीनं गुडघ्याचा आकार देत आशिझुकाई तिला चालवतो, बसवतो. तोंडी सूचना मिळत नाही. मुख्य चालकाच्या कमरेशी टेकलेल्या हाताला पुढची हालचाल आधी कळावी लागते. पायांना दहा वर्षं, डाव्या हाताला आणखी दहा, असा जुना हिशेब आहे. चिकामात्सुच्या 'सोनेझाकी शिंजू' या नाटकात (1703) मात्र नायिका ओहात्सुचा पाय दिसतो. घराच्या जोत्याखाली लपलेला तोकुबेई ते पाऊल आपल्या गळ्याला लावून तिच्यासोबत मरायची तयारी दाखवतो. नाटकातला सर्वांत मोठा निर्णय शब्दाविना होतो, तो पायातून.

शब्द असतात तायूकडे, म्हणजे निवेदक-गायकाकडे. पोथी कपाळाला लावून तो सुरुवात करतो आणि शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीनं सगळ्या पात्रांचे आवाज बहुतेकदा एकटाच काढतो.

काबुकी या जपानी नाट्यप्रकारात घराणी मुलांना लहानपणापासून रंगमंचावर आणतात. बुन्राकुत जन्मापेक्षा शिकाऊपणा मोठा. म्हणूनच 1972 साली सुरू झालेल्या सरकारी प्रशिक्षणाचं मोल फार. आजचे निम्म्याहून अधिक कलावंत त्यातूनच आले. युनेस्कोनं 2003 साली गौरव केला खरा, पण 2012 साली ओसाकाचे महापौर हाशिमोतो यांनी अनुदानाला कात्री लावायला घेतली. ऑक्टोबर 2023 मध्ये टोकियोचं राष्ट्रीय नाट्यगृह पुनर्बांधणीसाठी बंद झालं, काम रखडलं, आणि मंडळी तिथले प्रयोग वेगवेगळ्या सभागृहांत करू लागली. त्याच वर्षी प्रशिक्षणासाठी सुरुवातीला एकही अर्ज आला नाही. स्त्री-बाहुल्यांमध्ये प्राण ओतणारे योशिदा मिनोसुके 2021 साली निवृत्त झाले, 2024 मध्ये गेले.

एवढं असूनही हे प्रशिक्षण फक्त पुरुषांसाठी आहे, हे मला पटत नाही. स्त्रिया गिदायू-गायन, म्हणजे तायूचं गायन, पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत; तकेमोतो कोमानोसुके यांना तर 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळालेला आहे. ओतोमे बुन्राकुत स्त्रिया बाहुल्याही चालवतात. परंपरेचं कारण पुढे करून अर्धा देश दाराबाहेर ठेवणं या कलेला आता परवडणारं नाही. पुढच्या तुकडीचे अर्ज मागवताना ही अट काढून टाकावी.