पिठाची गोणी झटकणारा देव

बँजो पॅटर्सन यांचा 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर अँड अदर व्हर्सेस' हा संग्रह सिडनीत १८९५ साली निघाला आणि पहिली आवृत्ती आठवडाभरात संपली. आमच्या कवीमित्रांना हेवा वाटेल अशीच ही गोष्ट. पॅटर्सन पेशाने वकील. 'बँजो' हे टोपणनाव त्यांनी एका घोड्याच्या नावावरून घेतले. संग्रहातही घोडे पानोपानी आहेत.

ऑस्ट्रेलियात 'बुश' म्हणजे शहराबाहेरचे सारे रान, माळ, गुराख्यांचा आणि मेंढपाळांचा मुलूख. तिथली ही कविता मोठ्याने म्हणायची आहे. सगनभाऊंची रचना जशी फडातच खुलते, तशी. आम्ही शब्दकोश जवळ घेऊन वाचायला बसलो आणि तासाभरात कोश बाजूला पडला. शीर्षककवितेत किरकोळ घोड्यावरचा एक पोर सरळ कड्यासारख्या उतारावरून भरधाव खाली जातो आणि पळालेला कळप एकटा वळवून आणतो. वाचताना आपला श्वास अडकतो. टापांची लय शब्दांतच आहे.

विनोदी कविता तर बहारीच्या. एका रानवट गड्याच्या गळ्यावरून सिडनीचा न्हावी थट्टेने गरम वस्तऱ्याची पाठ फिरवतो. गळा चिरला या समजुतीने गडी दुकानात जो हलकल्लोळ करतो, त्यानंतर त्याच्या गावात दाढी राखण्याची फॅशन येते! (दाढीचे एवढे निधर्मी कारण आम्ही दुसरे ऐकलेले नाही.) इथे हसू शहराच्या आढ्यतेवर आहे आणि भोळ्या गड्यावरही.

पण 'फ्राइंग पॅन्स थिऑलॉजी' या छोट्या कवितेपाशी आम्ही थांबलो. बर्फ कसा पडतो, असे एक मुलगा विचारतो. फ्राइंग पॅन नावाचा आदिवासी सांगतो, वर देव पिठाची मोठी गोणी झटकतो. त्याची बैलगाडी चालली की गडगडते. आपली म्हातारी ढगात हरभरे भरडते, त्यातलाच हा प्रकार. उत्तर सुंदर आहे. कवीने मात्र ते मोडक्या इंग्रजीत घालून हशा मागितला आहे.

हा हशा आमच्या ओळखीचा आहे. आमच्या उर्दू माध्यमाची मुले मराठीत 'माझा घर', 'माझी पुस्तक' म्हणून जातात. एका वक्तृत्व स्पर्धेत आमच्या विद्यार्थिनीच्या अशा एका चुकीवर परीक्षकही हसले. ती पाण्याच्या टंचाईवर काय बोलली, ते कुणी ऐकले नाही.

त्याच काळात कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून, बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण उंटवाले ऑस्ट्रेलियात गेले. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. कोरड्या मुलखात सामान आणि लोकर त्यांच्या उंटांनी वाहिली. ॲडलेडला त्यांची मशीद आहे. या संग्रहात असा एकही उंटवाला आम्हाला भेटला नाही. बहुतेक कविता ज्या 'बुलेटिन'मध्ये आधी आल्या, त्या साप्ताहिकाने १९०८ साली 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी' हे ब्रीद माथ्यावर घेतले. पॅटर्सन यांना त्याबद्दल दोषी धरणे अन्यायाचे होईल. पण त्यांचे रान आम्हाला वाटले होते त्यापेक्षा लहान आहे, हे नोंदवावेच लागेल.

तरीही पुस्तक मिळाल्यास वाचा, मुलांना सांगा. आम्ही सहावीच्या वर्गात गोणीची गोष्ट साध्या, नीट भाषेत सांगितली. कोणी हसले नाही. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, गोनी खाली हो गई तो?"