गांडुळांचा प्रयोग आणि विसरलेली मात्रा

शेतजमिनीतील सूक्ष्मप्लास्टिकवर लिहिताना एका प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. नेदरलँड्समधील वॅगेनिंगेन विद्यापीठाच्या एस्पेरांझा ह्युएर्टा ल्वांगा व सहकाऱ्यांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. ‘प्लास्टिकमुळे गांडुळे मरतात’ हा त्याचा सारांश अपुरा आहे.

प्रयोगात पालापाचोळ्यात पॉलिएथिलीनची १५० मायक्रॉनहून बारीक भुकटी मिसळून ती गांडुळांना दिली होती. वजनाने तिचे प्रमाण ७, २८, ४५ आणि ६० टक्के होते. ६० दिवसांनंतर २८ टक्के व त्यापुढील गटांत वाढ मंदावली, मृत्यू वाढले. प्रजननात फरक आढळला नाही. एकूण मातीचा विचार केल्यास हे प्रमाण ०.२ ते १.२ टक्के भरते.

प्रयोगाची मांडणी चोख आहे. हे गांडूळ पाचोळा ओढून बिळात नेते, म्हणून प्लास्टिक पाचोळ्यातच मिसळले. मात्र लुंब्रिकस टेरेस्ट्रिस ही जात मूळची युरोपातली. भारतात आढळणारी लॅम्पिटो मॉरिटी तिच्याहून वेगळी. दुसरा प्रश्न मात्रेचा.

राजुऱ्यातील एक हेक्टर शेत घ्या. त्यावर २५ मायक्रॉन जाडीचा मल्चिंग पेपर पूर्ण अंथरला, तर त्याचे वजन सुमारे २३० किलो होईल. वरच्या १५ सेंटिमीटर थरातील माती सुमारे २० लाख किलो. म्हणजे सगळा कागद मातीत गेला तरी प्रमाण ०.०१२ टक्क्यांच्या आसपास. दरवर्षी असेच घडले, तरी ०.२ टक्क्यांना सतराहून अधिक वर्षे लागतील. प्रत्यक्षात कागद फक्त गादीवाफ्यांवर असतो आणि बराचसा गोळाही केला जातो.

मग चिंता कशाची? पॉलिएथिलीन मातीत कुजत नाही म्हणावे इतके सावकाश कुजते. उन्हाने त्याचे तुकडे होतात, ते वेचता येत नाहीत. त्यामुळे मात्रा फक्त वाढत जाते. शिवाय काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्यांतून तुकडे खोल जाऊ शकतात.

‘गांडुळे मरतात’ असे ऐकलेल्या शेतकऱ्याला पावसाळ्यात कागदाखाली जिवंत गांडुळे दिसली, तर तो आपले सारेच म्हणणे खोटे ठरवील. कागद फाटण्यापूर्वी उचलावा, हा खरा सल्लाही त्यात वाया जाईल. शिक्षकांनी वरील गणित वर्गात करून घ्यावे आणि प्रयोग सांगताना मात्रा अवश्य सांगावी.